पोरांसमोर हिशेबाची वही उघडा

पत्र (थोडक्यात) : ताई, शिवाजी उद्यमनगरातलं आमचं वर्कशॉप तीन वर्षांपूर्वी बंद पडलं. मशिनं विकून कर्ज फेडलं. आता थोरली म्हणते, कारकुनी चालेल, पण पगार एक तारखेला हवा. धाकटा अकरावीत आहे. तो म्हणतो, बारावी झाली की वर्कशॉप पुन्हा उघडणार, हसणाऱ्यांना दाखवणार. मिस्टर दोघांचंही ऐकून उठून जातात. पोरांसमोर आम्ही पैशाचं कधी बोललो नाही. कुणाला समजावू?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : पोरांना नंतर, आधी मिस्टरांना. पैशाचं बोललो नाही म्हणता, पण वसुलीवाला दारात आला की 'बाबा बाहेर गेलेत' हे सांगायला थोरलीलाच पाठवत होता, हेही तुम्हीच लिहिलंय. त्या वयात दारात उभं राहून खोटं बोलावं लागलेल्या पोरीला एक तारखेचा पगार मोलाचा वाटला, तर तिला भित्री का म्हणायचं? धाकट्याच्या डोक्यात वसुली नाही, मामाच्या लग्नात पाहुण्यांनी मारलेले टोमणे आहेत.

वर्कशॉप का बुडालं, हे मात्र दोघांनाही ठाऊक नाही. थोरलीला वाटतं धंदाच वाईट, धाकट्याला वाटतं माणसं वाईट. तुमच्या पत्रावरून दिसतं ते असं: जवळपास सगळं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या ऑर्डरीचं काम, एकाच कंपनीचं, बिलं सहा-सहा महिने थकलेली आणि नव्या सीएनसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनचा, हप्ता दर महिन्याला. 2006 च्या कायद्यानं नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं, उशिराला चक्रवाढ व्याजही आहे. पण एकुलत्या एका गिऱ्हाइकाला कायदा दाखवायची छाती कुणाची होते? दुसऱ्या दिवशी काम बंद! एवढं जरी धाकट्याला कळलं, तरी 'दाखवतोच' ही भाषा बदलेल. उद्यमनगर शेतीला पाणी उपसणाऱ्या ऑइल इंजिनावर वाढलं. विजेचे पंप आल्यावर ती मागणी आटली आणि कितीतरी जण वाहनांच्या सुट्या भागांकडे वळले. त्या गल्लीत शटर पडणं नवं नाही, हे मिस्टरांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांच्याच तोंडून पोरांना ऐकू दे. एका रविवारी जुनी बिलबुकं, बँकेची पत्रं काढून चौघं बसा. ते लगेच तयार होणार नाहीत. मागे लागा.

धाकट्याला डिप्लोमा करू दे, सुट्टीत शिरोलीच्या एमआयडीसीत परक्या माणसाच्या हाताखाली काम करू दे. स्वतःच्या भांडवलाचं नंतर बघू. आणि 'बाबांसारखं करू नकोस' हे म्हणणं आजपासून बंद. मिस्टर उठून जातात ते त्यामुळंही असेल.

थोरलीचा बँकेच्या परीक्षेचा फॉर्म मात्र वेळेत भरा, त्यासाठी या बैठकीची वाट बघू नका.