हीटर गार मारतोय, पण डॅशबोर्ड लगेच खोलू नका

प्रश्न : माझी २००७ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, सेकंडहँड घेतलेली. आम्ही निफाडला राहतो, आईला आठवड्यातून दोनदा पहाटे डायलिसिसला नाशिकला न्यावं लागतं आणि डिसेंबरपासून हीटर नुसती गार हवा मारतोय. सिग्नलला थांबलो की जरा कोमट येते, हायवेला लागलो की परत गार. मेकॅनिक म्हणतो हीटर कोर गेलाय, अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागेल. खोलू का?

उत्तर : नाही दादा, इतक्यात नको. उभ्या गाडीत कोमट आणि हायवेला गार, हे तुम्हीच लिहिलंय आणि त्यातच अर्धं उत्तर आहे. हीटरला वेगळी शेगडी नसते, इंजिनचं गरम कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, एका छोट्या जाळीतून फिरतं, तोच हीटर कोर, आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो, मग इंजिनच नीट तापत नसेल तर हवा गरम कुठून येणार? १५-२० किलोमीटर गेल्यावरही टेंपरेचरचा काटा खालीच असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व, उघडा अडकलाय, नाहीतर गाडीत तो नाहीच, म्हणून हायवेच्या वाऱ्यात इंजिन गार पडतं. खरंच नसतो कधीकधी! उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून आपल्याकडे बरेच जण तो काढूनच टाकतात आणि पुढच्या मालकाला कुणी सांगत नाही, मला हे अजिबात पटत नाही. साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडणारा हा मुठीत मावणारा पार्ट, डॅशबोर्डच्या मजुरीपुढे त्याचा खर्च किरकोळ.

उलट असतं, म्हणजे रेस दिल्यावर गरम आणि उभ्या गाडीत गार, तर मी म्हणालो असतो कूलंट कमी आहे नाहीतर एअरलॉक झालाय, म्हणजे पाईपात हवा अडकलीय. तरी लेव्हल बघाच, पण इंजिन पूर्ण थंड असताना, गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट अंगावर येतं.

आता काटा मधोमध येऊनही हवा गारच असेल तर गाडी फिरवून आणा, हीटर फुल ठेवा, इंजिन बंद करा आणि इंजिनमागच्या पत्र्यातून आत जाणारे दोन रबरी पाईप जपून चाचपा, चटका बसतो. दोन्ही कडक गरम म्हणजे कोर ठीक आहे, बहुतेक नॉबची केबल क्लिपमधून निसटलीय किंवा आतला गरम-गार हवा वळवणारा फ्लॅप अडकलाय. एक गरम एक गार असेल तर आधी कोरमध्ये कूलंट सोडणारा हीटरचा वॉल्व उघडतोय का ते बघा, तो उघडत असेल तर कोर चोक झालाय, वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं की गंज आणि क्षार साचतात, बऱ्याचदा नुसतं फ्लशिंग करूनही मोकळा होतो.

कोर गळतोय याच्या खुणा वेगळ्या, डावीकडच्या पायाखालचं मॅट ओलं चिकट, गाडीत गोडसर वास, काचेवर आतून तेलकट धुकं. हे दिसलं तर मात्र डॅशबोर्ड खोलावाच लागेल. तेव्हा कुणी म्हणालं की दोन्ही पाईप एकमेकांना जोडून देतो, स्वस्तात होईल, तर नाही म्हणा. गळती थांबते पण हीटर कायमचा जातो, आणि आईंना त्या पहाटेच्या थंडीत तो हवाच आहे.