दादरला पत्रिका वाटण्याचा बेत: जागा, कायदा आणि बोलण्याची रीत

सप्रेम सलाम.

कल्याणच्या आपल्या तरुण बंधूंनी विचारले आहे की, त्यांच्या मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, काही मुलेमुली दर शनिवारी संध्याकाळी दादर स्थानकात येशूविषयीच्या पत्रिका वाटण्याचा आणि परतताना लोकलच्या डब्यात उभे राहून साक्ष देण्याचा, म्हणजे आपल्या विश्वासाविषयी सांगण्याचा, बेत करीत आहेत. हे कायद्यात बसते का, अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात कशी करावी आणि कोणी चिडले तर काय करावे. मुंबईत हे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. थोडक्यात सांगायचे तर तुमचा हेतू चांगला आहे, पण निवडलेल्या दोन्ही जागा चुकीच्या आहेत.

आधी कायद्याचे पाहू, कारण त्याविषयी आपल्या लोकांमध्ये एकतर नको इतकी भीती असते किंवा नको इतकी बेफिकिरी. राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने सर्व व्यक्तींना आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, आणि तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन ठेवला आहे. यातला ‘प्रसार’ हा शब्द सहजासहजी आलेला नाही. डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत त्यावर कडाक्याची चर्चा झाली, तो गाळावा असे काही सभासदांनी आग्रहाने मांडले आणि तरीही तो राहिला. पुढे 1977 मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क म्हणजे प्रसाराचा हक्क. दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्याचा हक्क त्यात येत नाही. आपल्यापैकी अनेकांना हा निकाल खटकतो. मला स्वतःला रस्त्यावर उभे असताना त्याची अडचण कधी वाटली नाही, कारण मन पालटणे हे पवित्र आत्म्याचे काम आहे अशी आपली शिकवण असताना तो हक्क आपण मागायचा तरी कशासाठी?

बळजबरी, फसवणूक आणि आमिष यांनी होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध अनेक राज्यांत कायदे आहेत, आणि महाराष्ट्रातही 2025 च्या फेब्रुवारीत सरकारने या विषयावर समिती नेमल्यापासून हालचाल सुरू झाली. म्हणून निघण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेला कायदा मंडळीतल्या एखाद्या वकिलाकडून नीट वाचून घ्यावा. भारतीय न्याय संहितेची 196, 299 आणि 302 ही कलमे मात्र प्रत्येकाने स्वतः वाचावीत. धर्माच्या नावाने वैर वाढवणे, मुद्दाम व दुष्ट हेतूने धर्मभावना दुखावणे आणि त्या दुखावण्यासाठी तोंडून शब्द काढणे असे त्यांचे विषय आहेत. दुसऱ्याच्या दैवताविषयी एकही उणा शब्द न काढणाऱ्या माणसाला या कलमांची भीती बाळगण्याचे कारण नसावे, आणि तसा शब्द काढणाऱ्याला आपल्या गटात जागाही नसावी. मूर्तीविषयी उपहासाने बोलून कोणी प्रभूकडे आल्याचे मी तरी पाहिलेले नाही. तुमच्याबरोबर पर्यटक व्हिसावर आलेला एखादा परदेशी पाहुणा असेल, तर त्याला चौपाटीवर भेळ खायला अवश्य न्या, पण त्याच्या हाती पत्रिका देऊ नका. त्या व्हिसावर धर्मप्रचाराला मुभा नसते.

आता जागेविषयी. माझी कसोटी एकच आहे: ऐकणाऱ्याला नको असेल तेव्हा तो सहज निघून जाऊ शकतो का? संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये तो निघून जाऊ शकत नाही. एक हात वरच्या कडीला, पाठीवरची बॅग पोटाशी घेतलेली, शेजाऱ्याचे कोपर बरगडीत, अशा स्थितीत घाटकोपरपासून डोंबिवलीपर्यंत तुमची साक्ष कानावर आदळत राहिली, तर त्याच्या मनात आपल्या प्रभूविषयी काय बसेल याचा विचार करा. डब्यात भजनी मंडळे टाळ वाजवतात, मग आपण का नको, असे कोणी म्हणेल. पण त्या भजनालाही कंटाळलेले प्रवासी त्याच डब्यात असतात, आणि आपल्याला त्यांचे माप लावायचे नाही. शिवाय रेल्वेच्या हद्दीत रेल्वेचे नियम चालतात. 1989 च्या रेल्वे अधिनियमात उपद्रवासाठी शिक्षा सांगितली आहे, आणि जिन्यावर किंवा पुलावर गर्दी अडवून उभ्या राहिलेल्या वाटपवाल्याला रेल्वे पोलिसांनी हटकले, तर त्यांची चूक म्हणता येणार नाही. याच कसोटीने रुग्णालयाचा वॉर्ड, औषधाच्या दुकानापुढची रांग आणि अन्नवाटपाची रांग बाद होतात. जेवणाचे ताट हातात येईपर्यंत जो हलू शकत नाही, त्याला त्या वेळी पत्रिका देणे म्हणजे सेवेची किंमत वसूल करणे होय. अठरा वर्षांखालील मुलांना आईवडील सोबत नसताना काहीही देऊ नये.

दादरमध्येच उभे राहायचे असेल तर स्थानकाबाहेर, वाहतुकीला व फेरीवाल्यांच्या धंद्याला अडथळा होणार नाही अशा ठिकाणी दोघादोघांनी उभे राहा. त्याहून बरी जागा म्हणजे चौपाटी किंवा शिवाजी पार्कचा कट्टा. कट्ट्यावर माणूस वेळ काढून बसलेला असतो आणि कंटाळा आला की चालू लागतो. शिवाजी पार्क 2010 पासून शांतता क्षेत्र आहे, तेव्हा ध्वनिवर्धकाचा विचारही नको. एरवीही कुठे ध्वनिवर्धक लावायचा तर पोलिसांची लेखी परवानगी लागते. दिवस निवडतानाही तारतम्य हवे. 6 डिसेंबरला चैत्यभूमीकडे निघालेली माणसे बाबासाहेबांना वंदन करायला आलेली असतात, अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर आलेला माणूस आपल्या बाप्पाला निरोप द्यायला आलेला असतो. त्या गर्दीत पत्रिका घेऊन शिरणे कायद्याने कदाचित चालेलही, पण ते असभ्यपणाचे आहे. आपल्या माउंट मेरीच्या जत्रेत कोणी दुसऱ्या धर्माची पत्रके वाटत फिरला, तर आपल्याला कसे वाटेल ते आठवावे.

मुंबईच्या किनाऱ्याला या कामाची जुनी ओळख आहे. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये येथे उतरले आणि मराठी शिकून बाजारांत बोलू लागले. मला त्यांच्यापेक्षा जॉर्ज बोवेन अधिक जवळचे वाटतात. ते 1848 मध्ये मुंबईला आले, त्यांनी मिशनचा पगार सोडून दिला, वस्तीत गरिबीने राहिले आणि 1888 मध्ये मृत्यू येईपर्यंत याच शहरात रस्त्यावर आणि किनाऱ्यावर बोलत राहिले. त्यांच्या बोलण्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या अगदीच थोडी होती, तरी शहरात त्यांच्याविषयी आदर होता. याचे एक कारण मला 1857 च्या सुरुवातीच्या महिन्यांत दिसते, जेव्हा समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वादविवाद झाले. बुवांनी ख्रिस्ती मतावर कठोर आक्षेप घेतले, बोवेन यांनी उत्तरे दिली, आणि पुढे त्या वादांची हकिकत बोवेन यांनीच इंग्रजीत छापली. म्हणजे प्रतिपक्षाचे आक्षेप त्यांनी दडवले नाहीत. वादविवादाची ती पद्धत आज उपयोगाची नाही, आणि तुमच्या वयाच्या मुलांनी तर तिच्या वाटेला जाऊच नये. पण समोरच्याला उलट बोलण्याचा पूर्ण हक्क आहे, हे तत्त्व त्या वाळूवर पाळले गेले.

सुरुवात कशी करावी, या प्रश्नाचे माझे उत्तर बहुतेकांना निराश करते: प्रश्नाने करावी आणि परवानगी मागावी. “नमस्कार काका, आम्ही ख्रिस्ती आहोत. येशूविषयी दोन मिनिटे बोललो तर चालेल का?” इतके पुरते. आपण कोण हे पहिल्याच वाक्यात सांगावे. सर्वेक्षणाचे निमित्त करून किंवा मनःशांतीच्या व्याख्यानाचे आमंत्रण देऊन मग हळूच विषय काढणे ही फसवणूक आहे, आणि ते लोकांच्या लगेच लक्षात येते. ‘नको’ म्हटले की ‘धन्यवाद’ म्हणून बाजूला व्हावे. ‘फक्त एक मिनिट’ हे शब्द तोंडातून काढूनच टाकावेत. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात फिलिप्प रथाजवळ धावत जातो खरा, पण तो रथातल्या कूशी (इथिओपियाच्या) अधिकाऱ्याला एक प्रश्न विचारतो आणि अधिकाऱ्याने वर येऊन बसण्याची विनंती केल्यावरच रथात चढतो. स्त्रियांशी बोलायला स्त्रियांनी जावे, हे वेगळे सांगायला नको.

मग येणारा नेहमीचा प्रश्न ऐका. कट्ट्यावरचे एखादे निवृत्त गृहस्थ सगळे शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, “हे तर आमच्या तुकोबांनी सांगितलेच आहे. तुमचे वेगळे काय?” येथे आपली मुले गडबडतात आणि तुकोबांना कमी लेखणारे काहीतरी बोलून बसतात. अशा वेळी नारायण वामन टिळकांची आठवण ठेवावी. 1893 मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाची त्यांच्याशी गाठ पडली. बोलणे संस्कृत काव्यापासून सुरू झाले, आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने नवा करार त्यांच्या हाती ठेवला. टिळकांनी तो वाचला, बराच काळ मनाशी झगडा केला आणि फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लोकलला नाही म्हणणारा मी हे आगगाडीचेच उदाहरण देतो आहे, हे मला ठाऊक आहे. पण तेथे दोन माणसे एकमेकांशी बोलत होती, एक माणूस डब्याला उद्देशून बोलत नव्हता. आणि टिळक स्वतःच सांगत की, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तेव्हा त्या काकांना आधी विचारा की त्यांना कोणता अभंग आवडतो. तो नीट ऐका. मग त्या अभंगातली तळमळ मान्य करून, क्रुसावरच्या क्षमेविषयी तुम्हाला स्वतःला काय समजले आहे ते सरळ सांगा. फरक आहे, आणि तो लपवू नये. सगळे एकच आहे असे म्हणून सुटका करून घेणे हेही खोटेच.

पत्रिकेविषयी दोन गोष्टी. ‘तुम्ही नरकाच्या वाटेवर आहात’ अशा मथळ्याची, ज्वाळांच्या चित्राची पत्रिका आणू नका. त्यापेक्षा मार्काचे किंवा योहानाचे सुटे शुभवर्तमान, म्हणजे येशूची हकिकत सांगणारे बायबलमधले पुस्तक, द्या. ते वाचणाऱ्याला स्वतःचे मत बनवता येते. मंडळीचे नाव आणि पत्ता कागदावर ठळक असू द्या, कारण निनावी कागद संशय वाढवतो. आणि गटातल्या एकाने वाटणाऱ्यांपासून पन्नास-साठ पावले पुढे, केवळ टाकलेले कागद उचलायला उभे राहावे. लोक पत्रिका घेतात, चालता चालता घडी करतात आणि फुलबाजाराच्या बाजूच्या चिखलात सोडून देतात; वचनाच्या ओळीवर चपलांचे ठसे उमटतात. हे काम कमीपणाचे वाटते म्हणून कोणी घेत नाही, पण परिसरातले दुकानदार आपल्याविषयी मत बनवतात ते याच माणसाकडे बघून. माझ्या मते नवख्याला पहिल्यांदा हेच काम द्यावे.

आजार बरे होण्याच्या साक्षी रस्त्यावर सांगू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि यावर आपल्याकडे काहीजण रागावतील हे मला माहीत आहे. प्रार्थनेवर माझा विश्वास आहे. कोणी आपणहून विनंती केली, तर तेथेच हळू आवाजात, अंगाला हात न लावता प्रार्थना करावी आणि डॉक्टरांची औषधे चालू ठेवा असे त्याच दमात सांगावे. पण ‘कर्करोग बरा झाला, तुम्हीही या’ असे छापणे वेगळे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तथाकथित चमत्कारांचा प्रचार करून लोकांना फसवणे हा गुन्हा आहे, आणि 1954 चा औषधे व जादुई उपाय यांच्या जाहिरातींविषयीचा कायदाही आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आजारी माणसाची गरज हाताशी धरून बोलणे हे आमिषच ठरते. 2011 मध्ये व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादाची परिषद, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस आणि वर्ल्ड इव्हॅन्जेलिकल अलायन्स या तिघांनी मिळून साक्ष देण्याविषयी ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांतही लोकांच्या गरिबीचा आणि गरजेचा फायदा घेऊ नये असे बजावले आहे. कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि इव्हॅन्जेलिकल असे सगळे एका कागदावर सहमत झाल्याचे प्रसंग दुर्मीळ असल्याने तो कागद प्रत्येक तरुण संघाने वाचावा.

कोणी चिडले तर काय, याचे उत्तर छोटे आहे. माफी मागा, कागद पिशवीत घाला आणि तेथून निघा. हक्काची चर्चा रस्त्यावर करायची नाही आणि मोबाइलवर चित्रीकरण तर मुळीच सुरू करायचे नाही. कॅमेरा दिसला की दोन माणसांचे वीस होतात. पोलिसांनी विचारले तर ओळखपत्र दाखवा, कागदाची एक प्रत स्वतःहून द्या, बोलावले तर ठाण्यात जा आणि पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) व ठरलेल्या वकिलांना फोन करा. यासाठी पाळकांची संमती आधी घ्यावी. मंडळीला न कळवता निघालेल्या गटाची बाजू मग कोणीच घेत नाही.

कोणाला पुढे बोलायचे असेल तर त्याचा नंबर घेऊ नका, आपला द्या. फोन करायचा की नाही हे त्याला घरी शांतपणे ठरवता आले पाहिजे. आणि एखाद्याने भारावून तेथेच बाप्तिस्म्याची गोष्ट काढली, तर त्याला घाई करू देऊ नका. घरी पत्नीशी किंवा आईवडिलांशी बोला, शुभवर्तमान पूर्ण वाचा आणि मग पाळकांना भेटा, असे सांगा. पहिल्या शनिवारी दादरला यायच्या आधी कळवा. मी कट्ट्यावर असेन, आणि तुमच्यापैकी दोघांना कागद उचलण्याचे काम माझ्याबरोबर करता येईल.