अशनीचा नैसर्गिक टीएल कमी आला, तर काय समजायचं?

प्रश्न असा आहे: साध्या कॉन्ड्राइटच्या (सर्वांत जास्त आढळणाऱ्या दगडी अशनीच्या) तुकड्याचा नैसर्गिक थर्मोल्युमिनेसन्स (टीएल, म्हणजे किरणांच्या माऱ्याने साठलेली ऊर्जा तापवल्यावर प्रकाश होऊन बाहेर पडणं) २५० अंश सेल्सिअसला ३ किलोरॅड (किरणांच्या मात्रेचं एकक) भरला, तर तो अशनी फार पूर्वी पडला असं धरायचं का?

नुसत्या या आकड्यावरून नाही. अवकाशात वैश्विक किरणांच्या माऱ्याने फेल्डस्पार या खनिजातले इलेक्ट्रॉन सुटतात आणि स्फटिकातल्या सापळ्यांत अडकतात. उष्णता त्यांना सोडवत राहते. भरती आणि गळती बरोबरीने चालते आणि शेवटी पातळी स्थिरावते, म्हणून अशनी घडला कधी हे टीएल सांगत नाही. पृथ्वीवर आल्यावर वातावरणाच्या आडोशाने भरती जवळपास थांबते, गळती मात्र चालूच राहते. उष्ण वाळवंटात ती अंटार्क्टिकाच्या बर्फापेक्षा कितीतरी वेगाने होते.

बहुतेक साधे कॉन्ड्राइट ५ ते १०० किलोरॅडमध्ये बसतात. त्याखाली गेलेल्याला दोन वाटा असतात: पृथ्वीवर ऊबेत दीर्घ मुक्काम, किंवा कक्षेचा उपसूर्य बिंदू (सूर्याच्या सर्वांत जवळची जागा) सुमारे ०.८५ खगोलीय एककाच्या (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे १) आत आल्याने तापणं. पडताना पाहिलेला अशनी असेल तर पहिली वाट आपोआप बाद. नंतर सापडलेला असेल तर कार्बन-१४ किंवा क्लोरीन-३६ या किरणोत्सारी अणूंवरून पृथ्वीवरचं वय काढल्याशिवाय निवाडा करू नका.

त्याहीआधी नमुन्यावर संशय घ्या, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. वातावरणात शिरताना वितळलेल्या कवचाखालचे ५-६ मिलिमीटर तापून रिकामे झालेले असतात. तुकडा किमान एक सेंटिमीटर आतून घ्या. कोरडी करवत चालवली तर तीही सापळे रिकामे करते. सीटी स्कॅन उलटं करतो, क्ष-किरण स्वतःची मात्रा भरतात. तो करायचाच असेल तर टीएलचा तुकडा आधी काढून ठेवा.

मोजणी मंद लाल उजेडात. सुमारे २५० मिलिग्रॅम कुटून चाळा, चुंबकाने धातू काढा, ४ मिलिग्रॅम भुकटी तांब्याच्या ताटलीत एकसारखी पसरा. नायट्रोजनच्या प्रवाहात सेकंदाला ७.५ अंशांनी ५०० पर्यंत तापवा. फोटोमल्टिप्लायरपुढे (मंद प्रकाश मोजणाऱ्या नळीपुढे) निळा फिल्टर हवाच. ऑक्सिजन राहिला तर खोटा प्रकाश दिसतो. तीच ताटली लगेच पुन्हा तापवून येणारी तप्त वस्तूची चमक वजा करा. ४०० अंशांच्या पुढे ती तापमान-प्रकाश वक्राचं शेपूट उचलते. मग स्ट्रॉन्शियम-९० या किरणोत्सारी स्रोताखाली २५ किलोरॅड देऊन परत मोजा. २५० अंशांना नैसर्गिक १,२०० आणि कृत्रिम १०,००० मोजण्या आल्या, तर १,२०० ÷ १०,००० × २५ = ३ किलोरॅड.

ही कृत्रिम मोजणी वाया घालवू नका. धजाला (गुजरात, १९७६) अशनीची संवेदनशीलता (ठरावीक मात्रेला मिळणारा प्रकाश) १ धरून तुलना केली की प्रकार ३ मधल्या (मूळ पिंडात सर्वांत कमी तापलेल्या) कॉन्ड्राइटची उपश्रेणी ठरते, कारण त्या एका प्रकारातच संवेदनशीलता हजार पटींनी बदलते. मात्र गंजलेल्या नमुन्यात लोहाचा लेप प्रकाश अडवतो, आणि जोरदार आघाताने फेल्डस्पारची काच झाली असेल तर आकडा आपसूक घसरतो.

शेवटी वक्राचा आकार बघा. २५० जवळचा उंचवटा बसलेला आणि ४०० जवळचा शाबूत, तर हळूहळू झालेली गळती. दोन्ही सपाट, तर आधी कवच आणि करवत तपासा, आणखी आतला नमुना घेऊन मोजणी परत करा. चुंबकाने काढलेला धातू टाकू नका. क्लोरीन-३६ सहसा त्यातूनच मोजतात.