पायाची रक्तवाहिनी: डॉप्लर, सीटी की थेट अँजिओग्राफी?

प्रश्न: वडील ६६ वर्षांचे. १५ वर्षं शुगर, बिडी अजून चालू. दोनशे पावलं चालले की पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो. पायाला जखम नाही. निपाणीत डॉप्लर केला, मांडीत अडथळा निघाला. बेळगावात सीटी अँजिओ सांगितली. कोल्हापुरात म्हणाले, सीटी कशाला, थेट अँजिओग्राफी करू. क्रिएटिनिन १.८ आहे. कुणाचं ऐकायचं?
– एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर: आधी एक विचारा, घोट्याचा रक्तदाब कुणी मोजला का? स्वस्त तपासणी असल्यामुळेच ती राहून जाते. पाच-दहा मिनिटं उताणं झोपवून दोन्ही दंडांवर आणि घोट्यांच्या वर पट्टा बांधतात, नाडी डॉप्लर पेनने (आवाजाच्या लहरींनी रक्ताचा प्रवाह ऐकवणारं छोटं यंत्र) ऐकतात. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या जास्त आकड्याने भागायचं, ०.९० किंवा कमी आलं तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचा आजार आहे. जुन्या शुगरमध्ये मात्र धमनीत चुना (कॅल्शियम) साठतो, पट्ट्याने ती दबत नाही आणि आकडा १.४० च्या वर जातो किंवा फसवा नॉर्मल येतो. मग पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यावा लागतो.

डॉप्लर म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी; तिला डाय (वाहिनी दिसावी म्हणून रक्तात सोडायचं औषध) नाही, किरण नाहीत, पण सगळं करणाऱ्याच्या हातावर. ओटीपोटातल्या धमन्या गॅसमुळे दिसत नाहीत, म्हणून उपाशी बोलावतात. रिपोर्टमध्ये अडथळा कुठे, किती लांब आणि तिथला वेग हवा. अडथळ्याच्या अलीकडच्या भागापेक्षा तिथला वेग दुपटीहून जास्त असेल तर वाहिनी निम्म्याहून अधिक अरुंद आहे असं धरतात. नुसतं ‘प्रवाह कमी’ लिहिलं असेल तर सर्जनला त्याचा उपयोग नाही.

सीटी अँजिओत (शिरेतून डाय देऊन काढलेला सीटी स्कॅन) कमरेपासून पावलापर्यंतचा नकाशा मिळतो, म्हणून काही सर्जन तिच्यावरच भर देतात. पण चुना तिथे लखलखतो आणि गुडघ्याखालची उघडी वाहिनीही बंद वाटते. थेट अँजिओग्राफीत, म्हणजे धमनीत नळी घालून डाय सोडतात तेव्हा, ती स्पष्ट दिसते, त्याच बैठकीत अरुंद जागा उघडायला फुगाही फुगवता येतो. मात्र जांघेतून सुई जाते, रक्तस्राव होऊ शकतो. फुगा घालायचं ठरलं नसेल तर केवळ बघण्यासाठी ती करू नये.

क्रिएटिनिन १.८ म्हणजे या वयात मूत्रपिंडाचं काम साधारण ४० टक्क्यांवर. डाय दोन्हीत लागतो. सीटी करून पुन्हा अँजिओ म्हणजे दोनदा डाय, तेव्हा कोल्हापूरचं म्हणणं अगदीच वावगं नाही. काही ठिकाणी डायऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात, ते विचारा. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू असेल तर सांगा. ती थांबवून ४८ तासांनी क्रिएटिनिन बघून सुरू करतात.

आमच्या मते आत्ता यातलं काहीच घाईचं नाही. बिडी बंद, डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी, शिवाय आठवड्यातून तीनदा ३० ते ४५ मिनिटं चालणं: गोळा येईपर्यंत चाला, थांबा, परत चाला. १२ आठवड्यांनीही फरक पडला नाही आणि फुगा किंवा बायपास करायची तयारी असेल, तरच नकाशा काढा.

रात्री झोपेतून उठवणारी वेदना, न भरणारी जखम किंवा काळं पडलेलं बोट दिसलं तर मात्र दोन-चार दिवसांत व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचा) सर्जन गाठा. पाय अचानक गार, पांढरा, बधिर झाला तर तासांचा हिशेब असतो. आधी फोन करून, सर्जन हजर आहे तिथेच न्या. कुठेही जाताना रिपोर्टबरोबर सीडीही न्या.