एम-थ्री राहिला म्हणून इंजिनिअरिंग सोडायचे का?

आदरणीय ताई,

मी पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर सोलापूर जिल्ह्यात असून वडील एसटीत वाहक आहेत. दुसऱ्या वर्षाचा एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंग गणिताचा तिसरा पेपर, माझा दोनदा राहिला आहे. या उन्हाळी परीक्षेत तो निघाला नाही तर चौथ्या वर्षाला प्रवेश मिळणार नाही, वायडी (इयर डाउन) लागेल, म्हणजे वर्ष वाया जाईल. खोलीतला एक मित्र एम.टेक.च्या प्रवेशासाठी गेट परीक्षेची तयारी करतो, दुसऱ्याने कोडिंगचा क्लास लावला आहे, गावाकडचा एक जण सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतो आणि मलाही तिकडेच ये म्हणतो. सुट्टीत मामाच्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजात बसलो की वेळ कसा गेला ते कळत नाही. इथे मात्र पुस्तक उघडले की छातीत धडधडते आणि पहाटेपर्यंत झोप लागत नाही. ज्याला गणितच जमत नाही त्याने इंजिनिअर व्हावे का? विषय राहिल्याचे वडिलांना अजून सांगितलेले नाही. मी कोणती वाट धरू?

– एक विद्यार्थी, पुणे

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एम-थ्री कसा सोडवायचा हा एक, आणि पुढे काय करायचे हा दुसरा. पहिल्याला तारीख आहे, अभ्यासक्रम आहे, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत. दुसऱ्याला अशी तारीख नाही. पण पहिल्याच्या धास्तीपोटी तू दुसऱ्याचे उत्तर आत्ताच, अंथरुणात पडल्या पडल्या शोधू पाहतो आहेस. परीक्षा होईपर्यंत वाट निवडायचीच नाही, असे तू ठरवावेस, हे माझे पहिले सांगणे आहे. भीतीतून निवडलेली वाट पुष्कळदा नुसती पळवाट असते, आणि ते लक्षात येईपर्यंत दोन-तीन वर्षे हातची गेलेली असतात.

आता गणिताविषयी. एम-थ्री दोनदा राहिला याचा अर्थ तुला गणित जमत नाही असा मी घेणार नाही, कारण बारावीचे गणित आणि सीईटी पार केल्याशिवाय तू इथवर आलेला नाहीस. विषय राहण्याची कारणे बहुधा फार साधी असतात. पहिल्या वर्षाचे इंटिग्रेशन कच्चे राहिलेले असते, उदाहरणे हाताने सोडवण्याऐवजी सोडवलेली नुसती वाचलेली असतात, किंवा पेपर वेळेत पुरा होत नाही. तुझे कारण यांपैकी कोणते, हे अंदाजाने ठरवू नकोस. मागच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली असशील तर ती पुढ्यात घेऊन बस. मागवली नसशील आणि मुदत संपली असेल, तर एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडव आणि विषयाच्या सरांना तपासायला दे. गुण नेमके कुठे जातात ते दिसले की अर्धी भीती ओसरते, कारण तेव्हा समोर अख्खा विषय उभा राहत नाही, ठरावीक चार-पाच प्रकारची उदाहरणे उरतात. रोज दोन तास, तेही सकाळी, कागद-पेन घेऊन एवढेच पुरे आहे. पुस्तक उघडले की धडधडते आणि पहाटेपर्यंत झोप लागत नाही, हे तूच लिहिले आहेस, तेव्हा रात्रीचा अभ्यास नको.

तुझ्या अभ्यासक्रमातला एक भाग मला मुद्दाम तुझ्यापुढे ठेवायचा आहे, कारण हे गणित कशासाठी शिकतो आहोत ते तुला कुणी सांगितले नसावे असे पत्रावरून वाटते. सांख्यिकीच्या प्रकरणात तू सरासरी, प्रमाण विचलन आणि नॉर्मल डिस्ट्रिब्यूशन शिकतोस. चाकणच्या एखाद्या कारखान्यात २५ मिलिमीटर व्यासाची पिन बनत असते आणि ड्रॉइंगवर अधिक-उणे ०.०२ मिलिमीटर एवढी सूट दिलेली असते, म्हणजे मोकळीक एकूण ०.०४ मिलिमीटरची. क्वालिटी विभागातला इंजिनिअर मायक्रोमीटरने नमुन्याच्या पिना मोजतो आणि त्या मापांचे प्रमाण विचलन, म्हणजे मापे सरासरीच्या आजूबाजूला किती विखुरली आहेत ते, काढतो. ते ०.००५ आले, तर त्याच्या सहापटीने, म्हणजे ०.०३ ने, ०.०४ ला भागून १.३३ हा आकडा मिळतो. या आकड्याला तिथे सीपी म्हणतात; मापांच्या विखुरण्याला दिलेली सूट कितपत पुरते ते तो सांगतो. मापांची सरासरी मधोमध आहे की एका बाजूला सरकली आहे हे सीपीके सांगतो, आणि तो किमान १.३३ असावा अशी मागणी वाहन उद्योगातल्या पुरवठादारांकडे नेहमी केली जाते. तो घसरला की मशिनचे सेटिंग बदलायचे, टूल बदलायचे की कच्चा माल तपासायचा, याचा शोध सुरू होतो. डिफरन्शियल इक्वेशनचेही तसेच आहे. ट्रॅक्टर खड्ड्यातून गेल्यावर त्याची सीट किती वेळ हिंदकळत राहील ते हेच समीकरण सांगते. मामाच्या गॅरेजात ज्या यंत्रांपाशी तू रमतोस, त्यांचेच हे गणित आहे. ते तुला सोपे वाटेल असे मी म्हणत नाही, पण ते परके राहू नये एवढे मात्र मनापासून वाटते.

मित्रांच्या वाटांबद्दल थोडक्यात सांगते. गेटचा पेपर १०० गुणांचा असतो आणि मेकॅनिकलसाठी त्यातले १३ गुण इंजिनिअरिंग गणिताचे असतात, तेव्हा त्या वाटेवरही एम-थ्री भेटणारच. तिसऱ्या वर्षापासून ती परीक्षा देता येते आणि तिचा स्कोअर तीन वर्षे ग्राह्य असतो, त्यामुळे याच महिन्यात निर्णय घेण्याची निकड नाही. आयटीच्या कॅम्पस भरतीत अनेक कंपन्या चालू बॅकलॉग, म्हणजे अजून न सुटलेला विषय, असलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेलाच बसू देत नाहीत, म्हणजे त्याही दारावर आधी हाच विषय उभा आहे. कोडिंग आवडते का हे पाहायला हजारो रुपयांचा क्लास लावावा लागत नाही. परीक्षा संपल्यावर महिनाभर घरच्या घरी पायथन शिक, स्वतःच्या उपयोगाचा एखादा छोटा प्रोग्रॅम लिहून बघ, आणि अडल्यावर चिडचिड होते की आणखी खोलात जावेसे वाटते ते पाहा.

एमपीएससीबद्दल मात्र जरा जास्त बोलावे लागेल, कारण तुझा ओढा तिकडे आहे असे तुझ्या शब्दांतून जाणवते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. लेखी परीक्षा १७५० गुणांची आणि मुलाखत २७५ गुणांची, असा तिचा आवाका आहे, आणि एकेका विषयावर पानेच्या पाने लिहिण्याचा सराव त्यासाठी लागतो. खुल्या गटासाठीही वयोमर्यादा ३८ वर्षांची आहे, तेव्हा पदवी पुरी करून जायला तुला उशीर होत नाही. उलट पदवी हातात नसेल तर अंतिम निवडीपर्यंत पोचताच येत नाही. पेठांमधल्या अभ्यासिकांत मनापासून झटणारी मुले खूप आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तिथेच दुसऱ्या कशातून तरी सुटण्यासाठी आलेली मुलेही असतात. ती वर्षामागून वर्षे पूर्वपरीक्षेतच अडकून पडतात, आणि घरून येणाऱ्या मेसच्या पैशांचे ओझे त्यांच्या मनावर वाढत जाते. म्हणून स्वतःला विचार: एम-थ्री काल सुटला असता, तरी आज तुला तहसीलदार व्हावेसे वाटले असते का? उत्तर हो असेल तर ती वाट खरी आहे, आणि तिथे जरूर जावे.

गॅरेजाबद्दलचे तुझे वाक्य मला पत्रातले सर्वांत मोलाचे वाटले, पण त्यावरही लगेच भरवसा टाकू नकोस. गॅरेजात हात काळे करणे आणि कारखान्यात इंजिनिअर म्हणून उभे राहणे यांत अंतर आहे. तिथे शिफ्ट असतात, पुरवठादारांचे फोन असतात, ग्राहकाच्या तक्रारींचे अहवाल लिहायचे असतात, आणि ट्रेनीचा सुरुवातीचा पगार पुष्कळदा आयटीतल्या मित्राहून कमी असतो. हे सारे डोळ्यांनी पाहूनच ठरवायला हवे. त्यासाठी उन्हाळ्यात भोसरीतल्या किंवा सोलापूरच्या एमआयडीसीतल्या एखाद्या लहान कारखान्यात महिनाभर खरोखर काम करायला मिळेल असे बघ. पैसे भरून घरबसल्या इंटर्नशिपचे प्रमाणपत्र घेणारे तुझ्या वर्गातही असतील. तो कागद तुला काहीच शिकवणार नाही. लहान कारखान्यात ड्रॉइंग वाचायला, गेज लावायला, रिजेक्शनचा हिशेब ठेवायला पहिल्या आठवड्यातच मिळते आणि हे आपल्याला आवडते की नाही ते महिन्याभरात कळते.

समजा, सगळे करूनही विषय राहिला. वायडी लागली तर एक वर्ष जाईल, आणि ते दुःख लहान नाही, पण त्या वर्षात डोक्यावर मोजकेच विषय असतील आणि उरलेल्या वेळात तुला एखाद्या कारखान्यात काम करता येईल. पुढे मुलाखतीत त्या वर्षाबद्दल विचारतील, तेव्हा काय केले ते सांगता आले पाहिजे एवढेच.

झोपेचे आणि धडधडीचे तू ओघात लिहिले आहेस, मला मात्र ते ओघात सोडता येत नाही. हा त्रास दोन आठवड्यांहून जास्त चालला असेल तर डॉक्टरांना दाखव आणि महाविद्यालयात समुपदेशक असतील तर त्यांना भेट. टेलिमानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीतून बोलता येते. जगणे नकोसे वाटण्याचा विचार एकदा जरी मनात आला असेल, तर आजच फोन कर आणि खोलीतल्या मित्राला शेजारी बसवून घे.

राहता राहिले वडील. निकाल लागल्यावर सांगू, असे तू ठरवले असणार. निकाल वाईट लागला तर त्यांना विषय राहिल्याचे आणि इतके दिवस लपवल्याचे, अशा दोन्ही गोष्टी एकाच दिवशी कळतील, आणि दुसरी त्यांना जास्त लागेल. आईकरवी निरोप धाडू नकोस, फोनवरही नको. त्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी गावी जा, आणि विषय दोनदा राहिला आहे, परीक्षा अमुक तारखेला आहे, मी रोज सकाळी हा अभ्यास करतो आहे, या तीन गोष्टी त्यांना सांग. ते रागावतील कदाचित, थोडा वेळ गप्पही बसतील. त्या वेळी उठून बाहेर जाऊ नकोस, त्यांच्याजवळच बसून राहा.

तुझी,
ताई