कॅलिफोर्नियातल्या माँटेरेचं मत्स्यालय : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : उन्हाळ्यात मुलीकडे सॅन होजेला जाणार आहोत. माँटेरे बे अ‍ॅक्वेरियम एका दिवसात बघून होईल का? ह्यांना फार चालवत नाही. (वाचक, सातारा)

उत्तर : होईल, फक्त शनिवार-रविवार टाळा. त्या दिवशी येताना गाड्यांच्या रांगेतच जीव मेटाकुटीला येतो. सॅन होजेहून गाडीने साधारण दीड तास लागतो. तिकिटं घरूनच ऑनलाइन काढा आणि दहाला दार उघडतं तेव्हाच आत शिरा, अकरानंतर गर्दी वाढत जाते. आधी ह्यांना दाराशी उतरवा, मग गाडी फोम स्ट्रीटवरच्या बहुमजली पार्किंगमध्ये लावा. आत लिफ्ट आहे, व्हीलचेअर मिळते. सगळं बघायचा हट्ट मात्र सोडा. केल्पचं (उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाचं) जंगल, समुद्री पाणमांजरं, जेलीफिश आणि खुल्या समुद्राची टाकी एवढं निवांत पाहिलं तरी दिवस सार्थकी लागला.

स्वेटर आणि कानटोपी न्याच. उन्हाळ्यातल्या वायव्येच्या वाऱ्याने वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं, खालचं थंडगार पाणी वर येतं आणि त्यावर धुकं धरतं. भर जुलैतही तिथे हुडहुडी भरते.

प्रश्न : केल्पच्या टाकीतलं पाणी सकाळी गढूळ दिसलं. इतकं नावाजलेलं ठिकाण, मग पाणी का गाळत नाहीत? (वाचक, फ्रीमाँट)

उत्तर : गाळतात, पण फक्त दिवसा. रात्री समोरच्या उपसागरातलं पाणी जसंच्या तसं आत सोडतात. त्याच्याबरोबर प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), शेवाळाचे बीजाणू आणि प्राण्यांच्या अळ्या येतात. टाकीतल्या कित्येक जिवांचं ते अन्न, आणि खडकांवरची बरीच वस्तीही अशीच आपोआप आलेली. म्हणून सकाळी थोडा गढूळपणा राहू शकतो. तो दोष समजू नका, त्याच्यावरच ही टाकी जगते.

टाकी साडेआठ मीटर उंच आहे आणि वरून उघडी आहे. जायंट केल्पला ऊन तर हवंच, पण पाणी सतत हलतंही लागतं. पाणी स्थिर राहिलं की पात्यांना लागून असलेले पोषक घटक संपतात आणि केल्प उपाशी पडतो. त्यासाठी लाटा उठवणारं यंत्र बसवलं आहे. काचेशी उभं राहून एकच पातं बघा. त्याच्या देठाशी जांभळाएवढा हवेचा फुगा असतो, अशा फुग्यांवरच अख्खी वेल वर तरंगते. ती दिवसाला सुमारे दहा सेंटिमीटर वाढते, म्हणून पाणबुड्यांना नियमित छाटणी करावी लागते. ऊन थेट खाली उतरतं ते दुपारी, तेव्हा इथे पुन्हा या.

प्रश्न : समुद्री पाणमांजरं सारखी अंग चोळत, खाजवत होती. त्यांना त्वचेचा रोग आहे का? (वाचक, पुणे)

उत्तर : नाही, ती ऊब राखत असतात. देवमासा, सील यांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, समुद्री पाणमांजराला तो नसतो. त्याची सगळी भिस्त फरवर. एका चौरस इंचात दहा लाखांपर्यंत केस असतात आणि त्यांत हवा कोंडलेली असते. फर मळली, तेलकट झाली, की हवा निघून जाते, थंड पाणी कातडीला भिडतं आणि जनावर गारठून मरू शकतं. तेलगळती त्यांना एवढी घातक ठरते ती यामुळेच. चोळणं, फुंकणं, कोलांट्या मारणं हे सगळं फरमध्ये हवा भरण्यासाठी. शिवाय रोज वजनाच्या जवळपास चौथा हिस्सा खावं लागतं. खाऊ घालण्याच्या वेळा फलकावर असतात, त्याआधी वीस मिनिटं जागा धरा.

याच फरपायी शिकाऱ्यांनी त्यांचा जवळजवळ नायनाट केला होता. 1938 मध्ये बिग सूरच्या किनाऱ्याला सुमारे पन्नासांचा कळप दिसला, आजची कॅलिफोर्नियातली पाणमांजरं त्या उरलेल्यांचीच वंशज. इथे अनाथ पिल्लांना दत्तक घेणाऱ्या पाणमांजराच्या माद्यांकडे वाढवतात. पिल्लाला माणसाची सवय लागली तर ते समुद्रात टिकत नाही, म्हणून कर्मचारी झगा घालून, तोंड झाकून जवळ जातात. टाकीत दिसतात ती परत सोडण्याजोगी नसलेली.

मागच्या गच्चीवरून मोकळी पाणमांजरंही दिसतात, दुर्बीण न्या. कयाकने (वल्ह्याच्या चिंचोळ्या होडीने) गेलात तर किमान साठ फूट अंतर ठेवा. डोकं वर काढून तुमच्याकडे टक लावली, म्हणजे तुम्ही फार जवळ गेलात.

प्रश्न : डॉल्फिनचा शो किती वाजता असतो? (वाचक, ठाणे)

उत्तर : इथे डॉल्फिन ठेवतच नाहीत. उपसागरात मात्र ते आहेत, बोटीतून बघता येतात आणि आमच्या मते तसेच बघावेत. आपल्या देशातही डॉल्फिनच्या खेळांना 2013 पासून परवानगी नाही.

प्रश्न : जेलीफिशचे फोटो धूसर येतात. काय करावं? (वाचक, नाशिक)

उत्तर : फ्लॅश बंद करा, तो काचेवरूनच परततो. मोबाइल काचेला अगदी टेकवून, सरळ समोर धरा. पारदर्शक भिंत जाड असते, तिरकं धरलं की चित्र फाटतं. जेलीवर बोट ठेवून फोकस पक्का करा आणि उजेड थोडा कमी करा, मागचा निळा रंग गडद येतो. या टाक्या गोलाकार असतात, कोपऱ्यात अडकून जेलीचं अंग फाटू नये म्हणून. प्रवाह तिला गोल फिरवून परत आणतो, त्यामुळे तिच्यामागे धावू नका. एका जागी मोबाइल धरून थांबा.