आजोबांची लाकडी होडी पाच-सहा वर्षं पडवीत कोरडी पडून आहे, सांध्यांतून उजेड दिसतो. घरी दुरुस्त होईल का?

होईल, पण फटी बघून घाबरू नका आणि लगेच इपॉक्सी (सुकून कडक होणारा रासायनिक डिंक) तर अजिबात भरू नका. सुकल्यावर फळ्या आकसतात, पाण्यात फुगतात. फटीत कडक भरण असेल तर फुगणारी फळी एकतर चिरते, नाहीतर खिळे उचकटते. सांध्यात तेलात भिजवलेला सुती पीळ बोथट पटाशीने, जरा हलक्या हाताने ठासा आणि वरून राळ-तेलाची मऊ लुकण (फटी बुजवायचा लगदा) भरा.

त्याआधी पेचकस घेऊन तळाचा कणा, नाळेचा (होडीच्या पुढच्या टोकाचा) बुडखा आणि प्रत्येक खिळ्याभोवतीचं लाकूड टोचून बघा. चांगल्या सागात टोक जेमतेम रुतेल. कुजक्या जागी मुठीपर्यंत जाईल. तेवढा तुकडा कापून त्याच जातीचं मुरलेलं लाकूड बसवा. गंजके खिळे बदलताना तांब्याचे घ्या. पितळ खाऱ्या पाण्यात टिकत नाही, त्यातलं जस्त निघून जातं.

बाहेरून फायबर चढवायचा सल्ला हमखास मिळेल. जुन्या फळ्यांच्या होडीला तो नकोच. ओल आत कोंडते आणि लाकूड न दिसता कुजतं. कणाच गेला असेल तर मात्र होडी बांधणाऱ्या जाणत्या सुताराला गाठा.